आमची वाटचाल: पीस हातात घेऊन बोलायचं

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं सीएनसी जॉबवर्कचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर इतर कंपन्यांचे सुटे भाग बनवून देण्याचं, छोटं युनिट आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि तिची पहिली वसाहत हीच, त्यामुळे आजूबाजूला या धंद्यात मुरलेली माणसं भरपूर. भाड्याचा गाळा, जुना लेथ, बँकेचे हप्ते, रखडलेली पेमेंटं हे सगळ्याच लघुउद्योजकांचं सारखं असतं, ते सोडून देते. आमची घडी बसली ती एकमेकांच्या कामातली खोट कशी दाखवायची आणि कुणी दाखवली की कशी ऐकायची, हे जमायला लागल्यावर.

एका ग्राहकाकडून बुशांचा (धातूच्या पोकळ नळ्यांचा) अख्खा लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ एच७ मापाचं: २५ मिमीच्या वर फक्त २१ मायक्रॉनची मोकळीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांचं म्हणणं, गो गेज, म्हणजे भोकात जायलाच हवा असा मापाचा दांडा, आत जात नाही. मशीनला माप लावून देणारे आमचे सेटर काका ठाम होते, "ताई, एकेक पीस तपासून पाठवलाय." अशा वेळी फोनवर आवाज चढतात आणि काम हातचं जातं. त्यांचे इन्स्पेक्टर मात्र स्वतः आले आणि थेट मशीनजवळ गेले. "काका, आत्ता निघालेला पीस तुम्हीच मोजा." गेज सहज गेलं. पीस टेबलावर ठेवून चहा झाला. मग त्यांनी काकांनाच परत गेज लावायला सांगितलं. अडकलं!

पीस गरम असताना मोजला जात होता. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा बोअर २० अंशांनी निवला की जवळपास ६ मायक्रॉन गेले, आणि कटिंग खालच्या हद्दीला चिकटून चाललं होतं. काकांनी लगेच ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलला. 'तुमचं चुकलं' असं त्यांना कुणी म्हणालंच नव्हतं.

तीच रीत आम्ही उचलली. सांगायचं ते मशीनपाशी, पीस हातात घेऊन, चारचौघांत नाही. नव्या मुलाला "लक्ष कुठंय तुझं?" विचारून त्याला काहीच कळत नाही. "या कडेवर बर (धातूची कुसळं) राहतोय, बोट फिरवून बघ, इन्सर्ट झिजलाय का?" म्हटलं की तो स्वतः इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, काढून बघतो. आणि हे त्याच पाळीत सांगायचं. पगाराच्या दिवशी काढलेली महिन्यापूर्वीची चूक माणसाला फक्त लागते.

ऐकून घेणं मालकांना जास्त जड जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मशीनं थांबवून आम्ही दोघी भागीदार फक्त ऐकतो. कामगारांनीच एकत्र बसून दोष शोधायचे, ही जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ काओरू इशिकावांच्या क्वालिटी सर्कलची कल्पना. जपानमध्ये तीही १९६२ चीच. पहिले काही गुरुवार सगळे गप्प होते. मग एक हेल्पर म्हणाला, "ताई, ड्रॉइंगमधला बदल तुम्ही फोनवर सांगता, मशीनवर कागद जुनाच असतो." सुट्टी संपताच फोनवरचे बदल बंद केले. नवं ड्रॉइंग लागल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. त्यानंतर माणसं बोलायला लागली.

रात्रपाळीचं अजून जुळत नाही. तिथे आम्ही नसतो, आणि सकाळी निरोप अर्धवट पोचतो. पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटरांनी १५ मिनिटं मशीनपाशी एकत्र थांबावं, असं काकांनी सुचवलंय. त्या वेळेचे पैसे द्यायचं आम्ही कबूल केलंय, पुढच्या महिन्यापासून सुरू करतोय.