अझ्काबान : तक्ता मोडला, पेच सुटला

हॅरी पॉटरची पुस्तकं आणि त्यांवरचे चित्रपट ताडून पाहताना तिसऱ्या चित्रपटावर गाडी अडली होती, हे मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. पहिल्या दोन्हींना आपला नेहमीचा तक्ता पुरला: प्रकरण, मिनिटं, वगळलेलं, बदललेलं, गुण. त्यांचा दिग्दर्शक कोलंबस पुस्तकाचं बोट सोडत नाही, त्यामुळे हिशेब सोपा. दिग्दर्शक कुआरोनचा 'अझ्काबान' (२००४) मात्र तक्त्यात नापास होत होता आणि पाहताना तिन्हींत सरस वाटत होता. पुस्तक दुसऱ्यापेक्षा जाडजूड, तरी चित्रपट १६१ मिनिटांवरून १४२ वर आलेला. कात्री चालणारच.

घोडं अडलं ते श्रिकिंग शॅक या ओसाड घरातल्या प्रसंगापाशी. पुस्तकात १७ ते १९ या प्रकरणांत सगळा उलगडा होतो: हॅरीचे शिक्षक ल्युपिन म्हणजे मूनी, पेटिग्र्यू वर्मटेल, सिरियस पॅडफूट, हॅरीचे वडील जेम्स प्राँग्स. शाळेतलं कोण कुठे आहे हे दाखवणारा जादूचा नकाशा या चौघांनी याच टोपणनावांनी केलेला. पौर्णिमेला लांडगा होणारा ल्युपिन एकटा पडू नये म्हणून बाकीचे तिघे ॲनिमेगस (हवं तेव्हा प्राण्याचं रूप घेणारे) झाले, त्यात जेम्सचं रूप हरणाचं. म्हणून हॅरीचा पेट्रोनस (मंत्राने उभा राहणारा रक्षक प्राणी) सुद्धा हरीण. चित्रपटात नकाशावरची चारही नावं हॅरीसमोर येतात, पण ती कुणाची हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

याचे गुण किती कापायचे? माझ्या तक्त्यात १५व्या प्रकरणातला क्विडिचचा (झाडूवर उडत खेळायच्या खेळाचा) अंतिम सामना गाळल्याबद्दल जास्त कापले गेले होते, कारण तिथे प्रकरणाचा मोठा भाग गेलाय. इथे गेलीत दोन-चार वाक्यं. पण पुस्तक न वाचलेल्या भाचीसोबत पुन्हा पाहिला, तेव्हा तिला सामन्याची उणीव जराही भासली नाही. तिने विचारलं, "तो कागद नकाशा आहे हे ल्युपिन सरांना कसं माहीत?" आणि शेवटी, "हरीणच का?"

तिथेच तक्ता मोडला. 'वगळलेलं' हा रकानाच काढून टाकला. आता दोनच रकाने: 'पेरलं' आणि 'उगवलं'. सामना गाळला, पण त्यासाठी फारसं काही पेरलंच नव्हतं, म्हणून तूट नाही. नकाशावरची नावं पेरली आणि उगवली नाहीत, ही खरी तूट. ल्युपिनच्या तोंडी एक वाक्य पुरलं असतं! एवढ्या देखण्या चित्रपटात ही फट राहिली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच रकान्यांनी टाइम-टर्नरच्या (काळात मागे नेणाऱ्या साधनाच्या) भागात मात्र घबाड हाती दिलं. पुस्तकात १६व्या प्रकरणात हॅरी, रॉन आणि हर्मायनी हे तिघं लपलेले असताना दोघं जण हॉलमधून घाईने गेल्याचा आणि दार आपटल्याचा आवाज येतो. २१व्या प्रकरणात कळतं, ती काळात मागे आलेली हर्मायनी आणि हॅरीच होती. चित्रपटात आवाजाच्या जागी दगड आहे: हॅग्रिडच्या झोपडीत बरणी फुटते, दुसरा दगड हॅरीच्या डोक्याला लागतो आणि तिघांना बाहेर पडायची सूचना मिळते. काळात मागे परतल्यावर तोच दगड हर्मायनी फेकते. पुस्तकातली पेरणी फक्त कानाला जाणवते. दगड डोळ्यांना दिसतो आणि कथा पुढेही ढकलतो. इथे कुआरोनला पुस्तकापेक्षा जास्त गुण, आणि ते मी आनंदाने देतोय.

साधनांबद्दल: मिनिटं काढायला सबटायटलची फाइल झकास, पण जिथे संवाद नाही तिथे ती मुकी. व्हॉम्पिंग विलो (शाळेच्या आवारातलं जादूचं झाड) पानं झटकते, बर्फ झटकते, ऋतू बदलतात, आणि फाइलमध्ये याचा मागमूस नाही. अशा जागांसाठी डीव्हीडीच घ्या. स्ट्रीमिंगवर दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारत फ्रेम पकडणं म्हणजे निव्वळ वैताग.

पुढे चौथा घेणार होतो, पण हे लिहितानाच वाटतंय की आधी पहिले दोन नव्या रकान्यांनी पुन्हा तपासावेत. कोलंबसचे गुण उतरतील असा माझा अंदाज आहे. 'अझ्काबान'ला तूर्त १० पैकी ८. दोन्ही कापले ते नकाशापायी.