गॅस संपत नसतो, काका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, माझी ३१ वर्षं गेली. चौदाशे अंशाच्या आसपासचा लोखंडाचा रस लाडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यातून, साच्यात पडताना बघत उभं राहायचं आणि घरी येऊन पंख्याखाली जेवायचं. त्यामुळं 'एसीशिवाय झोपच येत नाही' असं कुणी म्हटलं की मला हसू यायचं. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमचं कौलारू घर होतं, मागं उसाची शेतं, नदीकडून वारा. एसी कशाला? पण कौलं गेली, स्लॅब आला, आणि आईची खोली नेमकी वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला. तिचं वय तेव्हा ८१. एप्रिलात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती वारं घेत बसून राहायची. पुण्याहून पोरगं फोनवर म्हणालं, "पप्पा, तुमची भट्टी राहू दे, आजीला एसी बसवा."

बसवला. दीड टन, थ्री स्टार, इन्व्हर्टर. खोकी जिन्यातून वर चढताना आई दारात उभी राहून बघत होती. मला बाजूला बोलावून म्हणाली, "दीड टनाचा म्हणालतास न्हवं? ही दोन पोरं तर हसत उचलालेत. फसवलं तुला."

मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. आमच्याकडं टन म्हणजे ओतकाम. हा टन बर्फाचा आहे हे मागाहून कळलं. एक टन बर्फ, तोही अमेरिकी टन म्हणजे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी जो खोलीतून काढतो तो एक टनाचा एसी. बसून हिशेब केला तर साडेतीन किलोवॅट येतात, दीड टनाचे सव्वापाच. आणि इथं माझं डोकं अडकलं, कारण मशीनच्या पट्टीवर विजेचा खप दीड किलोवॅटच्या आसपासच लिहिलेला. आमच्या विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिटं जायची, त्यातली बरीच वाया. घातलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं असं भट्टीत कधी झालं नाही. मग दीड घालून सव्वापाच कुठून?

दोन दिवस हे डोक्यात फिरत होतं. मग उजेड पडला: एसी गारवा तयारच करत नाही. तो हमाल आहे. आतली उष्णता गॅसच्या पाठीवर घालायची आणि बाहेर नेऊन टाकायची. दीड किलोवॅट ही त्याची हमाली. खोलीतल्या हवेतलं पाणी आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर, म्हणजे कॉइलवर, जमतं, तेही तो पाईपनं बाहेर टाकतो. हे एवढं कळलं असतं तर पहिल्या दोन वर्षांत मेकॅनिकला दिलेले पैसे वाचले असते. कारण हमाल थांबला तर आधी त्याची वाट कुठं अडलीय ते बघायचं असतं. आणि आपल्याकडं काय करतात? फोन लावला की पलीकडून उत्तर तयार: "गॅस संपला असंल."

पहिला घोळ पाण्याचा. जुलै महिना, बाहेर संततधार. रात्री आईची हाक आली. जाऊन बघतो तर इनडोअरच्या, म्हणजे एसीच्या खोलीतल्या युनिटच्या, डाव्या कोपऱ्यातून भिंतीवर ओघळ, कॅलेंडर भिजून वेडंवाकडं झालेलं, आणि आई देवघरातला पितळी तांब्या धारेखाली धरून बसलेली. सकाळी फोन केलेल्या मेकॅनिकनं न बघताच गॅसचं निदान केलं. सुदैवानं तो यायच्या आधी मी मागच्या बाजूला गेलो. एसीचं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना बरं म्हणून आमच्या मंडळींनी ड्रेन पाईपखाली बादली ठेवली होती. पाईप वाऱ्यानं हलतोय म्हणून त्याचं तोंड बादलीत खोल सोडलेलं. पावसाळ्यात हवेत ओल भरलेली, त्यामुळं पाणी भरपूर. बादली भरत आली, पाईपचं तोंड बुडालं, आतली हवा निघायला जागा उरली नाही आणि पाणी मागं तुंबून कॉइलखालचा ट्रे भरून वाहिला. पाईप वीतभर कापला, तोंड बादलीच्या वर ठेवलं. झालं. मंडळींना हे सांगताना आवाज जपून लावावा लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा ठिबकला, तेव्हा बादलीचा दोष नव्हता. पाईपच्या तोंडाला फडकं गुंडाळून सायकलच्या पंपानं हळूहळू हवा मारली, तर गुडगुड आवाज झाला आणि पाण्याबरोबर वीतभर लांबीचा बुळबुळीत, राखाडी गोळा बाहेर पडला. सर्दी झालेल्या पोराच्या नाकातून यावा तसाच. ट्रेमध्ये कायम ओल आणि अंधार, त्यात धूळ बसते, तिच्यावर हा थर वाढतो. व्हॅक्यूम क्लीनरनं बाहेरून ओढून काढलं तर जास्त चांगलं, कारण पंपानं घाण उलटी ट्रेमध्ये जाऊ शकते. माझ्याकडं ओलं ओढणारा नव्हता. नंतर वरून मगभर कोमट पाणी सोडून वाट मोकळी झाल्याची खात्री केली.

हवेचं प्रकरण आमच्या भागात जरा वेगळं आहे. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवावा हे सगळे सांगतात, करतात थोडे. पुढचं झाकण उचलायचं, जाळ्या काढायच्या, नळाखाली धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. दहा मिनिटांचं काम. ते मी करत होतो. तरी फेब्रुवारीच्या शेवटी एसी ढिला पडला. २४ वर लावूनही खोली २८ च्या खाली येईना, आणि आउटडोअरचा, म्हणजे गच्चीवरच्या बाहेरच्या युनिटचा, पंखा तर जोरात चालू.

बावड्यात राहणाऱ्याला फेब्रुवारी म्हणजे काय ते सांगायला नको. तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवतात. संध्याकाळी आकाशातून काळ्या पापड्या तरंगत येतात, वाळत घातलेल्या धोतरावर बसल्या की झटकायच्या नाहीत, फुंकायच्या, नाहीतर डाग. गच्चीवरच्या आउटडोअरमागं मी वाकून बघितलं तर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये ही काजळी धुळीबरोबर बसून काळं जाजम झालेलं. हमालाच्या पाठीवरचं ओझं उतरवायची जागाच बंद! आतली उष्णता बाहेर आली तरी टाकायची कुठं?

एसीची एमसीबी, म्हणजे विजेचा मुख्य खटका, पाडली, दहा मिनिटं थांबलो आणि बागेच्या पाईपनं साधं पाणी वरून खाली सोडलं. गाडी धुवायचा प्रेशर पंप शेजारी देत होता, मी घेतला नाही. ते पत्रे नखानं दाबले तरी वाकतात, आणि वाकले की हवा कायमची अडते. दीड-दोन बादल्या काळं पाणी वाहिलं. त्या रात्री अर्ध्या तासात आईनं वाकळ मागितली. इलेक्ट्रिकचा डबा मात्र उघडू नये. वीज बंद केली तरी एसीतल्या इन्व्हर्टरच्या कार्डावर काही वेळ करंट साठलेला असतो.

आता गॅस. हे माझं खरं दुखणं.

दुसऱ्या उन्हाळ्यात, मार्चमध्ये गारवा कमी झाला. फिल्टर धुतलेला, गच्चीवरचं युनिट धुतलेलं. आलेल्या माणसानं बाहेरच्या बारक्या पाईपवर बर्फ दाखवला, म्हणाला गॅस संपलाय. बर्फ होता, हे खरं. त्यानं सिलिंडर लावला, गेज बघितलं, अडीच हजार घेतले. जूनपर्यंत ठीक चाललं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा तेच, पुन्हा तोच माणूस, पुन्हा अडीच हजार. मी विचारलं, "एवढ्यात कसा संपला?" तर म्हणाला, "वापर जास्त हाय तुमचा." मी मान डोलावली. फौंड्रीत ३१ वर्षं रिजेक्शन, म्हणजे माल बाद, का आलं हे शोधणारा माणूस मी, आणि मान डोलावली!

तिसऱ्या वेळी मंडळींनी दुसरा पोरगा बोलावला. आयटीआय झालेला, विशीतला, पाठीला सॅक. मी त्याला सांगितलं, बाळा, गॅस भर. तो बूट काढताना म्हणाला, "गॅस संपत नसतो, काका. तो काय पेट्रोल हाय व्हय जळायला? बंद पाईपमध्ये फिरतोय. कमी झालाय म्हंजे कुठनं तरी गेलाय."

वर जाऊन त्यानं आधी काहीच केलं नाही, नुसतं बघत राहिला. आउटडोअरच्या बाजूला जिथं तांब्याचे पाईप नटनं जोडलेत, तिथं बोट फिरवून मला दाखवलं. बोट तेलकट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, थोडं तेल फिरत असतं. गॅस गळाला की तेही पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटते. मग त्यानं मंडळींकडून भांडी घासायचं लिक्विड मागितलं, वाटीत फेस केला आणि स्पंजनं नटभोवती लावला. दोघं उकिडवे बसून बघत होतो. पहिलं मिनिट काही नाही. मग नटाच्या खालच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, हळूहळू ज्वारीएवढा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा. माझे पाच हजार त्या भोकातून गेले होते.

बसवतानाच पाईपचं तोंड नटात घट्ट बसावं म्हणून नीट फुलवलं नव्हतं, त्याच्या कडेला चीर होती. त्यानं उरलेला गॅस काढून घेतला, तोंड कापून नव्यानं फुलवलं, नट आवळला, पुन्हा फेस लावून बघितलं. मग व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास पाईपमधली हवा आणि ओल ओढून काढली. आधीच्या माणसानं दोन्ही वेळा व्हॅक्यूम मारलाच नव्हता. गॅस भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. मशीनच्या पट्टीवर किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं, हेही मला त्या दिवशी कळलं. आमचा गॅस आर-३२. जुन्या आर-२२ सारखा ओझोनला मारक नाही, पण थोडा का होईना पेट घेणारा आहे. आधीचा माणूस गॅस भरताना विडी ओढत होता हे आठवून माझ्या पोटात गोळा आला.

जाताना पोरानं एक खूण सांगितली, ती लिहून ठेवतो. आतलं झाकण उचलून कॉइल बघायची. तिच्या एका टोकालाच बर्फ आणि बाकीची कोरडी, तर गॅस कमी असण्याची शक्यता. सगळीच कॉइल पांढरी झाली असेल तर बहुतेक हवा अडलीय, फिल्टर बघा.

रिमोटवरची बटणं वापरायला आम्हाला वर्ष लागलं. टर्बोचं आईला भय वाटतं. ड्राय मोड मात्र कोल्हापूरच्या पावसाळ्यासाठीच केलाय असं वाटावं. बाहेर २५ अंश पण कपडे वाळत नाहीत, अंथरूण चिकट, तेव्हा गारव्यापेक्षा हवेतलं पाणी काढणं महत्त्वाचं. स्लीप लावला की मशीन रात्रीत हळूहळू एक-दोन अंश वर जातं, म्हणजे पहाटे उठून बंद करायची पाळी येत नाही. २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप २४ वर यावेत असा सरकारचाच नियम आहे. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आमचा मुक्काम २६ वर, वर पंखा एकवर. आईनं ठरवलंय, बदलायचं नाही.

एकदा रिमोट चालेना तेव्हा पुण्याहून पोरानं फोनवरून युक्ती दिली: मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट जिवंत आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, सेल्फीच्या कॅमेऱ्यात दिसतो. आमचा नाही चमकला, सेल बदलले, चालू. रिमोट हरवलाच तर इनडोअरचं झाकण उचलून बघा, बहुतेकांना आत एक छोटं बटण असतं. आमचा एकदा वाकळेत गुंडाळून दोन दिवस ट्रंकेत होता.

वळवाच्या दिवसांत वीज चारदा जाते, पाचदा येते. पुन्हा आल्यावर कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटं गप्प राहतो, त्याला तसं शिकवलेलंच असतं. तेवढ्यात घाबरून ऑन-ऑफ करत बसू नये. मी गडगडाट ऐकू आला की सरळ एमसीबीच पाडतो.

आता एकच गोष्ट राहिलीय, आणि ती दुरुस्त होणारी नाही. एसी सुरू झाला किंवा बंद झाला की इनडोअरमधून टक्, टकटक् असा आवाज येतो. प्लॅस्टिक गार-गरम होऊन आकसतं, फुगतं, त्याचा. आईला मी दहादा सांगितलं. ती ऐकून घेते, मान हलवते. रात्री दिवा मालवला, एसी बंद झाला, टक् झालं की अंधारात तिचं बोट पलंगाच्या लाकडावर तीनदा वाजतं आणि ती पुटपुटते, "कृष्ण कृष्ण. पाल चुकचुकली."