पुतण्यासाठी सेमिनरी बघताना

आज उपासना आटोपल्यावर पुतण्याबरोबर सेमिनऱ्यांची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयांची, माहितीपत्रकं घेऊन बसलो. त्याला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचंय. आमचं घर पवित्र शास्त्र शब्दशः मानणारं, त्यामुळे कुठेही पाठवणं मला जमणार नाही.

बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी घराजवळची. १९८३ साली ती यवतमाळहून पुण्यात आली. डेहराडूनची प्रेसबिटेरियन सेमिनरी रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, वळणाची. पोराचं लक्ष फी आणि होस्टेलवर. मी म्हटलं, आधी विश्वासाची कबुली, म्हणजे संस्था काय मानते त्याचं निवेदन, वाच. शास्त्र निर्दोष आहे असं स्पष्ट लिहिलंय, की नुसतं 'प्रेरित' म्हणून सोडून दिलंय? प्राध्यापकांना ती कबुली मान्य असणं बंधनकारक आहे का? पेन्सिलने खुणा करत तो मग तासभर वाचत बसला. फार बरं वाटलं.

पदवीचंही बघावं लागतं. अनेक सेमिनऱ्यांना पदवी देणाऱ्या सेरामपूरच्या (बंगाल) सिनेटच्या बी.डी.मागे (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) १८२७ ची डॅनिश राजाची सनद आहे. एटीएची (एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन) मान्यता वेगळी, ती इव्हँजेलिकल, म्हणजे शास्त्राच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, वर्तुळातली. पाळकपदाची दीक्षा कुठल्या मंडळीत घ्यायची, त्यावर कुठली पदवी हवी हे ठरतं. म्हणून आमच्या पाळकसाहेबांना विचारूनच फॉर्म भरू.

या दोन्हीपैकी कुठे शिकलेलं कोणी असेल तर कृपया सांगा, हिब्रू आणि ग्रीक कितपत पक्कं करून घेतात?