आजी, कांदा आणि चौथ्या लेव्हलची फीट

आमच्या गेममधला एक वाद अजून मिटलेला नाही म्हणून लिहून टाकतो. दर रविवारी दुपारी सांगलीत, विश्रामबागेत आमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ. पाच जण, मधे भडंगाची परात आणि पात्राची माहिती लिहिलेल्या सगळ्यांच्या कॅरेक्टर शीटवर तेलाची बोटं. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा, मी. पाचव्या एडिशनचं २०१४ चं पुस्तक वापरतो कारण घरात तेच आहे, आणि त्यात फीट आणि मल्टिक्लास (एकाच पात्राने दोन क्लास, म्हणजे पेशे, घेणं) हे दोन्ही नियम ऐच्छिक म्हणून दिलेत, म्हणजे डीएम हो म्हणाला तरच. आता हे 'तरच' कागदावर हो, एकदा पोरगं यूट्यूबवर बिल्ड, म्हणजे पात्राची तयार आखणी, बघून आलं की कसलं ऐच्छिक आणि कसलं काय.

फीट म्हणजे ठराविक लेव्हलला, पहिल्यांदा चौथ्या, ताकद बुद्धी वगैरे आकडे एकूण दोनने वाढवता येतात, ते सोडून द्यायचे आणि त्याबदली एखादं खास कसब घ्यायचं. लकी नावाची एक आहे, एका मोठ्या विश्रांतीपासून दुसऱ्यापर्यंत तीनदा जास्तीचा डाइस टाकून नशीब बदलता येतं, ती सगळ्यांनाच पाहिजे असते. तर पहिल्याच रविवारी आमचा फायटरवाला, म्हणजे योद्ध्याचं पात्र खेळणारा, जोरात ओरडला, "चौथ्या लेव्हलला मला फीट येणार, मग बघा!" आणि आतनं आजी अर्धा चिरलेला कांदा घेऊन पळत आली. "कुणाला आली रं फीट? आडवा करा आधी त्याला." कांदा नाकाला लावूनच गेली ती, समजावायची संधीच दिली नाही.

पण वाद फीटचा नाही, मल्टिक्लासचा.

हा फायटर म्हणजे डोंगरी बुटका, ड्वार्फ, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात ढाल. ताकद १७, बुद्धी १२. चौथी लेव्हल आल्यावर एवढी गाजवलेली फीट त्याने घेतलीच नाही, आकडे वाढवले, एक ताकदीत आणि एक बुद्धीत. १८ आणि १३. मला वाटलं शहाणा झाला. तर पाचव्या लेव्हलला म्हणतो आता मी विझर्ड, म्हणजे जादूगार, एक लेव्हल त्यातली घेतो. कारण विझर्डमधे शिरायला बुद्धी १३ लागते, आणि गड्याने ती गुपचूप जमवून ठेवलेली. मी हो म्हटलं, चूक माझी.

त्याला पाहिजे होता शील्ड नावाचा मंत्र, वार अंगावर यायला लागला की त्या क्षणी बचाव पाचने वाढतो. कागदावर झकास. पण पाचव्या लेव्हलला बाकीच्यांच्या हातात काय आलं बघा. आमच्या विझर्डला फायरबॉल मिळाला, आठ सहा-बाजूंचे फासे एकदम, आमच्याकडे तेवढे नव्हतेच, लुडोतले आणून भागवले. दुसरा योद्धा, पॅलाडिन, तो एका पाळीत दोनदा वार करायला लागला. आणि आमचा ड्वार्फ अजून एकच वार, कारण दुसरा वार फायटरच्या पाचव्या लेव्हलला मिळतो आणि हा फायटर चौथा, विझर्ड पहिला. एकूण पाच होतात पण पुस्तक एकूण बघत नाही ना, त्या क्लासची लेव्हल बघतं. फीटचंही तसंच.

आणि मंत्र? त्याला हातवारे करावे लागतात. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात ढाल, हातवारे करणार कशाने, दाढीने? हात भरलेले असताना मंत्र टाकायचा तर वॉर कास्टर ही फीट लागते, ती घ्यायला आधी मंत्र यावा लागतो, म्हणजे चौथ्या लेव्हलला त्याला ती मिळालीच नसती. पुढची संधी फायटरच्या सहाव्या लेव्हलला, म्हणजे एकूण सातव्या. हे सगळं गॉब्लिनच्या गराड्यात उघडकीला आलं, गडी शीटकडे बघत बसला, भडंगाचा घास हातात तसाच. मग म्हणाला, "तू डीएम आहेस, आधी सांगायचंस की रं."

इथंच आमचं वाजलं. बाकीच्यांचं म्हणणं, खेळाडूने आपलं आपण वाचावं. माझं मत आता असं झालंय की ऐच्छिक नियमाला नुसतं हो म्हणणं म्हणजे अर्धंच काम, काय मिळतं ते सगळेच बघतात, काय लांबणीवर पडतं ते डीएमने बोलून दाखवायला पाहिजे. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या एडिशनमधे हे बरं केलंय, तिथं दुसरा क्लास फीटमधनंच घ्यायचा, आपल्या क्लासची लेव्हल थांबत नाही. आणि डी अँड डीच्या २०२४ च्या पुस्तकात फीट ऐच्छिक राहिलीच नाही, पहिल्या लेव्हलपासून प्रत्येकाला एक मिळते. आजीला हे अजून सांगितलेलं नाही.

परवा आम्ही सातव्या लेव्हलला पोचलो, वॉर कास्टर आली, पठ्ठ्याने पहिला शील्ड टाकला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री त्याचा फोन. वॉरलॉक या अजून एका जादूवाल्या क्लासची एक लेव्हल घेऊ का म्हणे. लगा, करिष्माचा आकडा ८ आहे तुझा, १३ लागतो. आकडे वाढवून दोन्ही त्यात घातलेस तरी दहा.

"मग तीनदा घालतो की."

म्हणजे फायटरची चौदावी लेव्हल.