बोटीच्या ट्रेलरचे बोल्ट बदलताना: माझा अनुभव

मेच्या अखेरीस आमच्याकडे देवबाग-तारकर्लीत जलक्रीडा बंद होतात आणि बोटी कर्ली खाडीतून वर निघतात. आमची १८ फुटी फायबर बोट ट्रेलरवर चढते, ट्रॅक्टर तिला माडांखाली आणून सोडतो, आणि मग पावसाळाभर डागडुजी. या दिवसांत जो तो इंजिन खोलतो, बोटीला रंग लावतो. ट्रेलरकडे सहसा कुणी बघत नाही. खरं तर खाऱ्या पाण्यात सगळ्यात जास्त हाल त्याचेच. बोट पाण्यावर तरंगते, ट्रेलर मात्र दर खेपेला एक्सलच्या वरपर्यंत बुडतो आणि तसाच ओला उन्हात उभा राहतो.

यंदा ट्रेलरचे झाडून सगळे बोल्ट बदलले. निमित्त झालं ते शॅकलच्या, म्हणजे कमानपाट्याला (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला) फ्रेमशी जोडणाऱ्या हलत्या दुव्याच्या, एका बोल्टचं. कमानपाट्याचं मागचं टोक ज्यावर टांगलेलं असतं, तो हा बोल्ट. बुश (बोल्टभोवतीची नळी) वाजत होता म्हणून काढायला घेतला. डोकं शाबूत, नट शाबूत, बाहेरून नुसता तांबूस डाग. बाहेर आला तेव्हा मधला भाग उंदराने ऊस कुरतडावा तसा खाल्लेला होता. १२ मिलिमीटरचा बोल्ट, आणि मध्ये त्याहून कितीतरी बारीक उरलेला. बुश आणि बोल्टमधल्या फटीत खारं पाणी शिरतं आणि तिथे ते वाळतच नाही. म्हणून वरवर बघून किंवा हातोडी ठोकून या बोल्टची परीक्षा होत नाही. तो काढूनच बघावा लागतो.

आमचे मेस्त्रीकाका आले, खाली वाकून सगळीकडे हात फिरवला आणि म्हणाले, "आज तेल घाल, उद्या बग. जबरदस्ती केलंस तर मोडतलो." म्हणून आधी तारेच्या ब्रशने आटे साफ केले, डब्ल्यूडी-४० मारलं, संध्याकाळी पुन्हा मारलं. सकाळी निम्मे नट पान्याने सुटले. उरलेले ग्राइंडरने कापले. गॅस कटरने तापवायचा मोह होतो, पण आमची फ्रेम गॅल्व्हनाइज केलेली, म्हणजे जस्ताचा थर दिलेली आहे. जस्त जळलं की त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. कापतानाही मास्क लावूनच कापलं.

बोट ट्रेलरवरून उतरवून ठेवली होती. फ्रेमखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर सोडून खाली हात घालायचा नाही, यात तडजोड नाही. आणि एका वेळी एकच बाजू खोलली. दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना बांधून ठेवणारे इंग्रजी U आकाराचे बोल्ट) एकदम सोडले तर एक्सल जागचा सरकतो आणि पुन्हा काटकोनात बसवताना जीव जातो.

नवे बोल्ट कुठले घ्यायचे, यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. हार्डवेअरच्या दुकानात पिवळे चकचकीत बोल्ट मिळतात. त्यांच्यावरचा जस्ताचा मुलामा जेमतेम ५ ते १० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). खाडीच्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या बोल्टवर ४० मायक्रॉनच्या वर थर बसतो. मात्र त्यांचे नट त्यांच्याबरोबरचेच घ्यावे लागतात, कारण जाड थर सामावण्यासाठी नटाचे आटे थोडे सैल पाडलेले असतात. साधा नट त्यावर चढत नाही.

स्टेनलेस का नको, असं अनेकांनी विचारलं. ज्या फळ्यांवर बोट टेकते तिथे आणि दिव्यांच्या पट्टीला मी स्टेनलेसच लावलं, तेही ३१६ जातीचं, कारण नेहमीच्या ३०४ जातीला समुद्राच्या मिठाने टोचे पडतात. पण कमानपाटे आणि एक्सल यांना नाही. ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा) पोलादी बोल्ट ६४० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा ताणला जात नाही. नेहमी मिळणारा ७० वर्गाचा स्टेनलेस बोल्ट ४५० लाच हार मानतो. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसवरच आवळताना मध्येच चिकटून बसतो आणि मग मागेही येत नाही. म्हणून जिथे स्टेनलेस लावलं तिथे आट्यांना अँटी-सीझ पेस्ट (आटे चिकटू न देणारं मलम) लावली आणि सावकाश फिरवलं.

यू-बोल्ट तयार मापाचे मिळेनात. जुना नमुना घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो, एक्सलच्या मापाने वाकवून, आटे पाडून, मग गॅल्व्हनाइज करून आणले. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा ताणलेले असतात, आणि ते सैल पडले की पाट्यांमधल्या सेंटर बोल्टवर सगळा भार येऊन तो कातरला जातो. मग एक्सल मागे सरकतो आणि चाक मडगार्डला घासतं.

बसवताना चारही नट आलटूनपालटून, तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळले. शेवटी टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, लावला. १२ मिलिमीटरच्या कोरड्या ८.८ बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर पुरतात. आट्यांना ग्रीस असेल तर त्याहून कमी, नाहीतर बोल्ट नकळत जास्त ताणला जातो. शॅकलला नायलॉनच्या कड्याचे नवे नट घातले, पण तिथे करकचून आवळलं नाही, कारण शॅकल हलता राहायला हवा. जिथे ग्राइंडर लागला होता तिथे जस्ताचा स्प्रे मारला.

मग प्रत्येक यू-बोल्टच्या नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ट्रॅक्टरमागे मालवणपर्यंत नेऊन आणल्यावर दोन रेघा किंचित सरकलेल्या होत्या. नवे बोल्ट भार पडून जागेवर बसतात तेव्हा असं होतंच. पुन्हा आवळलं, रेघा नव्याने ओढल्या.

आता ट्रेलर पाण्यातून वर आला की आधी विहिरीच्या गोड्या पाण्याचा पाइप, तोही खालून, पाट्यांच्या मधोमध आणि शॅकलच्या फटीत. पाण्यात उतरवण्याआधी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागाला, हात लावून बघतो. गरम असेल तर थांबतो, कारण गरम हब पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. दर महिन्याला एक शॅकल बोल्ट, प्रत्येक वेळी वेगळा, पूर्ण बाहेर काढून बघायचा आणि मरीन ग्रीस लावून परत घालायचा, असं ठरवलं आहे. डाव्या मागच्यापासून सुरुवात करणार, कारण ट्रेलर उतारावर त्याच बाजूला कलतो.