आमची वाटचाल : सात इंचात मावेल तेवढंच

गँग ऑफ फोर, मेकॉन्स, डेल्टा ५ ही सगळी मंडळी इंग्लंडमधल्या लीड्सची. इथे पोस्ट-पंक, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या संगीताच्या, बँडना तोटा नाही, त्यांची पहिली सिंगल धडपणे काढून देणारे मात्र थोडे. आमचं लेबल तेवढंच करतं : दोन गाणी, सात इंची रेकॉर्ड, ३०० प्रती.

आमचा पहिला हट्ट वेळेचा. ४५च्या वेगावर (मिनिटाला ४५ फेरे) एका बाजूला चार मिनिटांच्या आत गाणं असेल तर आवाज भरदार कापता येतो. त्यापुढे खाचा दाटीने घ्याव्या लागतात, पातळी उतरवावी लागते आणि सगळ्यात आधी मार खातो तो बास, म्हणजे खालचे सूर. जॉय डिव्हिजन या बँडने १९७८ साली स्वतःच काढलेल्या ‘ॲन आयडियल फॉर लिव्हिंग’मध्ये सात इंचांत चार गाणी होती. आवाज इतका दबला की त्याच वर्षी ती बारा इंचांवर पुन्हा काढावी लागली. तरीही नवा बँड तिसरं गाणं घेऊन येतोच!

बासची दुसरी भानगड कोरस पेडलची, म्हणजे आवाज दुहेरी, पसरट करणाऱ्या पेडलची. स्टिरिओत पसरलेल्या बासमुळे डाव्या-उजव्या बाजूच्या लहरी एकमेकींविरुद्ध जातात, कापणारी सुई वरखाली होते, खाच उथळ पडते आणि घरच्या प्लेअरवर सुई उडी मारते. म्हणून साधारण १५० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखं, करून घेतो. स्ट्रीमिंगसाठी आवाज ठासून भरलेला मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) घेत नाही. लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) न लावलेली २४ बिटची फाइल वेगळी मागतो. हाय-हॅट (ड्रमसोबतच्या झांजा) आणि गाण्यातले ‘स’ रेकॉर्डच्या मध्याकडच्या, आतल्या खाचांत फाटतात, कारण तिथे सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी असतो. त्यामुळे किंचाळत संपणारं गाणं असेल तर ते लांबीने छोटं हवं.

लॅकर (जिच्यावर खाच कापतात ती मूळ तबकडी) कापल्यावर लगेच प्लेटिंगला, म्हणजे धातूचा थर चढवून साचे करायला, जायला हवं. पडून राहिलं की वरचे सूर झिजतात. मग टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासायला छापलेल्या मोजक्या प्रती. ४५वर एक फेरा १.३३ सेकंदांचा, त्याच अंतराने टक्‌टक् ऐकू आली तर दुसरी प्रत लावायची. तिच्यातही त्याच जागी असेल तर दोष साच्यात किंवा लॅकरमध्ये. नसेल तर त्या एका प्रतीत. कापड फाटल्यासारखी खरखर म्हणजे प्लास्टिक खाचेत नीट भरलेलं नाही. सूर डुलत असेल तर भोक मध्यावर नाही. लेबलचा कागद गोंदाने नाही, दाबाने आणि उष्णतेने बसतो. आधी भट्टीत वाळवला नाही तर फोड येतात.

पैशाचा हिशेब जुन्याच वळणाचा : खर्च वजा जाता नफा अर्धा-अर्धा, रफ ट्रेड या लंडनच्या लेबलने रूढ केला तसा. स्क्रिटी पोलिटी या बँडने १९७८ साली खर्चाचे आकडेच कव्हरवर छापले होते. आम्ही ते बँडला कागदावर देतो. गाणी एमसीपीएसच्या (रेकॉर्डवरच्या गाण्यांचं मानधन गोळा करणारी ब्रिटिश संस्था) सभासदांची असतील तर घाऊक किमतीच्या ८.५ टक्के धरायचे, आणि परवाना आधी. एप्रिलमधल्या रेकॉर्ड स्टोअर डेच्या (रेकॉर्ड दुकानांचा वार्षिक दिवस) आधीचे महिने टाळलेले बरे, कारखाने तुंबलेले असतात.

बझकॉक्स या बँडच्या ‘स्पायरल स्क्रॅच’ या रेकॉर्डच्या १९७७ साली आधी १,००० प्रती निघाल्या, पुढे १६,०००च्या आसपास खपल्या. तसा योग आला तर नव्या प्रतींसाठी कापणी-प्लेटिंगचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. मात्र साचे कारखान्यात किती काळ ठेवणार, हे पहिल्या ऑर्डरमध्येच लिहून घ्यायचं.