पावसात शिजलेली माती

आज देवगडजवळच्या चिरेखाणीत गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या भिंतीसाठी, जांभ्या दगडाचे चिरे बघत उभा होतो. नुकत्याच कापलेल्या चिऱ्यावर सहज नख ओढलं, तर बोटाला लालसर पिवळी पूड लागली. आत इतका ओला!

खाणीतले आजोबा म्हणाले, "ह्यो दगड न्हय रे झिला, पावसान शिजयलेली माती ती. चार म्हयने उन्हात ऱ्हवांदे, मगे बघ."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलंच नाही. कारण ते अगदी खरं आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, इथल्या उष्ण, दमट हवेत कुजत गेला. पावसाने सिलिका वाहून नेली, मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा, कापताना मऊ आणि वाऱ्या-उन्हात टणक होणारा. सडे, म्हणजे इथली सपाट कातळी पठारं, त्याचेच. त्यात पाणी टिकत नाही. म्हणूनच एवढा पाऊस झिरपूनही मे महिन्यात सड्यावर पाण्याची वणवण.

शाळेत आम्ही 'महाराष्ट्र म्हणजे बेसाल्ट' एवढंच पाठ केलं. पण इथून दक्षिणेला मालवण, वेंगुर्ल्याकडे गेलं की लाव्हा संपत जातो आणि जांभ्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुने ग्रॅनाइटी खडक लागतात. वेंगुर्ल्याजवळच्या रेडीला तर लोहखनिज. जेमतेम अर्ध्या दिवसाच्या प्रवासात इतका काळ पायाखालून सरकतो, आणि आपण फक्त समुद्र बघत जातो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तुमच्याकडे विहीर खणताना जांभ्याखाली काय लागलं होतं? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून सांगाल?